आग्वा दोराडातलं मध्यंतर

"उपरणं सावर वामन्या, चाकात जाईल," अक्का म्हणाली आणि तिनं गाडी रस्ता सोडून सरळ हिरवळीवर घातली.

गाडी म्हणजे गोल्फवाल्यांची ती विजेवर चालणारी, बिनदारांची, खेळण्यातली वाटावी अशी. आग्वा दोराडा नावाच्या त्या छोट्या गावात लोक तीच घेऊन भाजी आणायला जात, केस कापायला जात, शेजारी पत्ते कुटायला जात. पायी चालणारी मी तिथं फक्त कुत्री पाहिली, आणि दोरीच्या टोकाला ओढले जाणारे त्यांचे मालक. चहूकडे कॅलिफोर्नियाचं वाळवंट, नुसती वाळू आणि काटे, लांबवर करडे डोंगर. मधोमध हे गाव म्हणजे कुणी हिरवी शाल अंथरून तिच्यावर पांढरी घरं मांडून ठेवलेली. बाजारातल्या दुकानांच्या ओसऱ्यांना बारीक नळ्या होत्या. त्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांवर थंड तुषार पडत, गिऱ्हाईक उन्हानं कोमेजू नये म्हणून. आमच्या कुरुंदवाडला नदी दाराशी असून नळाला दिवसाआड पाणी. इथं नदीचा पत्ता नाही आणि रस्त्यात रोज कुणाचं तरी लग्न असल्यासारखं शिंपण चाललेलं. पहिल्या दिवशी त्या तुषारांखाली मी ओंजळ धरून आचमन केलं, तेव्हा अक्का हसून हसून गाडीच्या हॉर्नवर पडली होती.

आता मात्र ती हसत नव्हती. क्लबच्या व्यवस्थापक बाईंना माझा कीर्तनाचा, बुवांचा वेश दाखवून आम्ही परतत होतो. मी धोतर, अंगरखा, पागोटं अशा थाटात. तिनं एका तळ्याच्या कडेला गाडी थांबवली.

"आता ऐक. मी काय ठरवलंय ते सांगते."

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी पाण्याच्या पंपांचे इंजिनिअर, त्यांच्याबरोबर तरुणपणी इकडे आली. मूलबाळ झालं नाही. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकोणसत्तराव्या वर्षी तिला शेजारच्या माणसाशी लग्न करायचं होतं. वेंडेल त्याचं नाव. गोरा, ख्रिस्ती, विधुर, पंचाहत्तरीला टेकलेला. कुरुंदवाडला ही बातमी पोचली तेव्हा आमचे थोरले दादा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले आणि माझं तिकीट काढलं. निघताना मला देव्हाऱ्यापुढं उभं करून म्हणाले, "म्हण, मी हो म्हणणार नाही." मी म्हटलं. मग ते म्हणाले, "तिला घेऊनच ये. मी खोली रंगवून ठेवतो."

"माहेरच्या एका माणसानं तोंडानं हो म्हटलं तर मी लग्न करीन," अक्का म्हणाली. "नाही म्हणालात तर मुकाट्यानं तुझ्याबरोबर विमानात बसेन. पण उत्तर आत्ता नको. शनिवारी तुझं कीर्तन आहे. रविवारी सकाळी सांग."

"उत्तर ठरलेलं आहे, अक्का."

"असू दे की. चार दिवसांत आंबत नाही ते."

"पण तुला करायचंच तर कर. या देशात तुला अडवतंय कोण?"

"कुणीच अडवत नाही रे. अडवत नाही आणि पाठीशी उभंही राहत नाही." तिनं तळ्यातल्या बदकांकडे पाहिलं. "मागच्या वेळी सगळं गाव मांडवात होतं. या वेळी एक माणूस मागितलं तर जास्त झालं का?"

तेवढ्यात आभाळातून आवाज आला, "नमस्कार, बुवासाहेब."

मी वर पाहिलं. तळ्याच्या कडेला खजुरीची ओळ होती आणि त्यातल्या एका झाडाच्या शेंड्याला शिडी लावून वेंडेल उभा होता. पिवळी धूळ अंगभर, डोक्यावर गवती टोपी. तो खाली उतरला तर उतरतच राहिला, इतका उंच. मी त्याच्या खिशापाशी येत होतो.

"तिथं वर काय करता?" मी माझ्या सरकारी इंग्रजीत विचारलं. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली असल्यामुळे माझं इंग्रजी अर्ज लिहिल्यासारखं येई.

त्यानं हातातला तुरा दाखवला. खजुरीत म्हणे नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराचा तुरा कापून मादीच्या फुलोऱ्यात हातानं बांधावा लागतो. नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर सोडलं तर फळ नीट धरत नाही. या हिरवळीच्या जागी पूर्वी त्याच्या आजोबांची खजुराची बाग होती. ती विकली गेली, गोल्फ आलं, कडेची एक ओळ उरली. तिच्यासाठी दर फेब्रुवारीत तो शिडी लावत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे दरवर्षी लग्नं लावता म्हणा," मी म्हणालो.

अक्कानं ते त्याला नीट समजावून सांगितलं. तो इतका हसला की टोपीतून परागांचा ढग उडाला आणि मला शिंका सुरू झाल्या. "आमच्या घरात तीन पिढ्यांचं भटजीपण आहे," तो म्हणाला, "आणि भटजी स्वतः घरी एकटा जेवतो."

माणूस मला आवडला. तिथंच सगळा घोळ झाला.

दादांचा फोन रोज भल्या सकाळी यायचा. तिकडे संध्याकाळ असायची, दिवेलागण करून ते फोनला बसायचे.

"दारू पितो?"

"ताक पितो, दादा. अक्कानं सवय लावलीय. वर जिऱ्याची पूड मागून घेतो."

"मांस खात असेल."

"खातो. पण अंगणात, शेगडीवर भाजून."

"झालं तर मग. हेच सांग तिला."

"अक्काकडे वास जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून शेगडी मांडतो. काल वारा फिरला तर अर्धं भाजलेलं तसंच घेऊन हिरवळीच्या पलीकडे पळाला. मी बघितलं."

"वामन, तू कुणाच्या बाजूनं बोलतोयस?"

"तुमच्याच."

"देव्हाऱ्यापुढं काय म्हणालास?"

"हो म्हणणार नाही असं म्हणालो."

"लक्षात ठेव. खोलीला आकाशी रंग दिलाय."

शनिवार उजाडला. क्लबच्या मोठ्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात गालिचा अंथरला, त्यावर पांढरी चादर, आणि झाली नारदाची गादी तयार. मोठ्या शहरातून दहा-बारा मराठी कुटुंबं आली होती. दातांचे डॉक्टर कानिटकर तबल्याला, त्यांची बायको ऋता पेटीला. व्यवस्थापक बाईंनी एकच अट घातली होती, दिवाणखान्यात उघडी ज्योत चालणार नाही. तेव्हा समईत सेलवर चालणाऱ्या पाच मेणबत्त्या उभ्या केल्या. त्या मधूनच मिणमिणायच्या, हुबेहूब. आणि पुढच्या रांगांत आग्वा दोराडातली मातबर मंडळी: चांदीच्या केसांच्या बायका, पांढरेशुभ्र कपडे, मोत्यांच्या माळा, निवृत्त कर्नल, बँकवाले, कुणी जुना सिनेमावाला. हिवाळा काढायला येणारी ही पाखरं, रोज सकाळी गोल्फ आणि रोज दुपारी कंटाळा. त्यांना कीर्तन म्हणजे काय याची कल्पना नव्हती, पण फुकट होतं आणि शेवटी खायला मिळणार होतं.

अक्का उभी राहिली. हिरवं नऊवारी, नाकात नथ. इंग्रजीत म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. पण त्या चादरीवर जो उभा राहतो तो आमच्याकडे नारद मुनी होतो. मग तो लहान असो, मोठा असो, आम्ही त्याच्या पाया पडतो आणि तो जे बोलेल ते डोक्यावर घेतो. तेव्हा पुढचे दोन तास हा माझा भाऊ आहे हे तुम्ही विसरा. मीही विसरणार आहे."

एका बाईनं हात वर केला. "टाळ्या वाजवलेल्या चालतात का?"

"नाही वाजवल्या तर पाप लागतं," अक्का म्हणाली.

मग काय विचारता. मी चिपळ्या उचलल्या, पहिला गजर केला आणि त्या सगळ्यांच्या टाळ्यांनी छत उचललं. आमच्याकडे माणसं बेताची टाळी वाजवतात, शेजाऱ्याला झोप लागलेली असते. इथं कर्नलसाहेब काठीनं ठेका धरून बसले, सिनेमावाला डोळे मिटून डोलायला लागला. पूर्वरंगाला मी नामाचा महिमा घेतला होता. मराठीत बोलायचो, अक्का पाठून दोन वाक्यांत इंग्रजी करायची, आणि मी एक विनोद केला की हशा दोनदा यायचा, आधी मराठी, मग इंग्रजी. अशी मजा मला चाळीस वर्षांत आली नव्हती. देव त्या हिरवळीवरून गोल्फच्या गाडीत बसून आला असावा आणि दाराशी उभा राहून ऐकत असावा, असं मला खरंच वाटलं.

मग मध्यंतर. ऋता पेटीवर गजराचे सूर धरून बसली. अक्कानं मला हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि बुक्क्याची वाटी घेऊन रांगांतून निघाली. त्या पांढऱ्याशुभ्र बायकांनी आनंदानं कपाळं पुढे केली. काळा बुक्का नाकावर उतरला, मोत्यांवर पडला, कुणाला पर्वा नव्हती. मग मराठी मंडळी पाया पडायला उठली, आणि रांग दिसल्याबरोबर अमेरिकन मंडळीही तिच्यात लागली. रांग दिसली की त्यांना राहवत नाही.

अंगरख्याला माइक टोचलेला होता. मी डाव्या हातात चिपळ्या घेऊन उभा आणि उजव्यानं आशीर्वाद देत होतो. एकटा आला की "कल्याण असो". जोडपं वाकलं की "नांदा सौख्यभरे". आमच्याकडे हे ठरलेलंच आहे, तोंड आपलं आपण बोलत असतं. आधी कानिटकर नवरा-बायको येऊन गेले. नांदा सौख्यभरे. कर्नलसाहेब वाकेनात, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांची मान हातानं खाली दाबली. नांदा सौख्यभरे. सिनेमावाला आणि त्याची चौथी बायको. नांदा सौख्यभरे. एकटी व्यवस्थापक बाई. कल्याण असो.

रांगेच्या शेवटी अक्का आली. मी पाय मागे घेतले. मोठी बहीण, आईच्या जागी.

"पाय पुढे घे," ती हळूच म्हणाली. "तुझ्या पडत नाहीये. गादीच्या पडतेय."

मी पाय पुढे केला. ती वाकली. तिच्या शेजारी आणखी काहीतरी मोठं, पांढरं वाकलं. रांगेत तिच्या मागं जो उभा होता त्याला काय करायचं ते कळलं नव्हतं, म्हणून ती जे करील ते तो करत होता. दोन पांढरी डोकी माझ्या पायांशी शेजारी शेजारी आली आणि माझं तोंड बोलून गेलं, "नांदा सौख्यभरे."

माइकवर.

पेटी थांबली. कानिटकरांचा हात तबल्यावर नुसता उभा राहिला. आलेल्या दहा-बारा कुटुंबांना सगळं प्रकरण तोंडपाठ होतं. परदेशात मराठी माणसाला दुसरी करमणूक काय. पुढच्या रांगांतल्या बायकांना एवढंच कळलं की काहीतरी झालंय, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणी वाजवत नाही हे पाहून थांबल्या.

अक्का उठली नव्हती. वाकल्या वाकल्या, जमिनीकडे बघत तिनं विचारलं, "काय म्हणालास?"

माझ्या डोळ्यांपुढं देव्हारा आला. दादा आले, आकाशी रंगाची खोली आली. 'कल्याण असो' म्हणालो असं सांगता आलं असतं. सगळ्यांनी ते मान्य केलं असतं, अक्कानं सगळ्यांत आधी. मी खाली बघितलं. वेंडेलचा हात तिच्या कोपराखाली होता. तिचे गुडघे दुखतात हे त्याला माहीत होतं, आणि तो तसाच अवघडून, तिला उठवायची वाट बघत होता. तिच्या मानेवर बुक्का सांडला होता.

"गादीवरून दोनदा विचारतात का?" मी म्हणालो. "नांदा सौख्यभरे म्हणालो."

कानिटकरांनी तबल्यावर अशी तिहाई घेतली की दातांच्या डॉक्टरात इतका तबला आहे हे त्यांच्या बायकोलाही तेव्हाच कळलं असावं. मागची मराठी मंडळी उठून उभी राहिली. कुणीतरी कर्नलसाहेबांना कानात सांगितलं, त्यांनी त्यांच्या बायकोला, आणि मग ती बातमी पांढऱ्या रांगांतून आगीसारखी गेली. बायका रडायला लागल्या, एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या, बुक्का सगळ्या कपड्यांवर झाला. वेंडेल गोंधळून उभा.

"मी काही चुकीचं केलं का?" त्यानं अक्काला विचारलं.

अक्कानं त्याला सांगितलं. तो मटकन पहिल्या रांगेत व्यवस्थापक बाईंच्या मांडीवरच बसला.

उत्तररंगाला मी सुदाम्याचं आख्यान लावलं. कसं झालं ते मला विचारू नका. मी नाचलो एवढं आठवतं. सुदामा पोहे लपवतो तिथं वेंडेल उठला आणि काखेतली खजुराची पिशवी त्यानं आणून माझ्या हातात दिली. प्रसादासाठी आणली होती, कधी द्यायची ते त्याला कळत नव्हतं. आरतीला मंडळींनी त्या सेलच्या मेणबत्त्यांवरून हात फिरवून डोळ्यांना लावले. ऊब काहीच नव्हती. तरी कर्नलसाहेबांच्या बायकोनं दोनदा हात फिरवले.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं घासल्याचा आवाज करत राहिली, नळ मात्र बंद होता.

"सांगितलंस तिला?" दादांनी विचारलं.

"सांगितलं."

"रडली?"

"रडली. दादा, मी हो म्हणालो नाही."

"म्हणजे झालं."

"नांदा सौख्यभरे म्हणालो."

"कुठे?"

"मध्यंतरात. दोघं जोडीनं पाया पडली."

"गादीवर होतास?"

"हो."

"पागोटं डोक्यावर होतं?"

"होतं."

"चिपळ्या?"

"डाव्या हातात."

"चुकून म्हणालास."

"एकदा चुकून. दुसऱ्यांदा अक्कानं विचारलं म्हणून."

दादांनी आयुष्यात एक कीर्तन चुकवलेलं नाही. ताप असला तरी घोंगडी पांघरून देवळात येणारा माणूस. आम्हा भावंडांना आधी गादीच्या पाया पडायचं आणि मग वडिलांच्या, हे शिकवलं त्यांनीच. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. नंतर भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं, आणि मग वहिनींचा आवाज, "काय झालं हो?"

"काही नाही," दादा तिला म्हणाले. "नारदांनी घोटाळा केलाय." मग मला म्हणाले, "आता त्यावर मी कोण बोलणार. तारीख धरलीय का?"

"मार्चमधली बघतायत."

"मग परत येऊ नकोस. मी तिकीट पुढं ढकलतो. मुलीकडचं कुणी नको का तिथं?" थोडं थांबून म्हणाले, "कान पिळायला कोण आहे?"

"मीच."

"माझ्याही वतीनं पीळ. तिच्याकडे दे फोन."

मी स्वयंपाकघरात फोन नेऊन दिला आणि बाहेर हिरवळीवर जाऊन उभा राहिलो. काचेतून अक्का दिसत होती. बोलत काहीच नव्हती. नुसती मान हलवत होती, दादांना दिसत असल्यासारखी.

लग्न त्याच दिवाणखान्यात झालं. सही-शिक्का झाल्यावर अक्का म्हणाली, आता आमच्या पद्धतीचं थोडं होऊ दे. नवरीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, हे तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्या आग्वा दोराडाला ही चाल एकदम पटली. त्या बायकांनी आपापल्या भावांना मनात तिथल्या तिथं दोष दिला असावा. माझा हात पोचेना, तेव्हा खुर्ची आणली. मी वर चढलो. वेंडेलनं कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून अक्काच्या हातात दिलं आणि डोकं पुढं केलं.

मी उजवा कान बेतानं पिळला. तो हसला. मग डावा धरला आणि चांगला जोर लावून पिळला, तसा त्यानं डोळे मिटले.

"हा जास्त लागला," कान चोळत तो म्हणाला.

"लागणारच," अक्का म्हणाली. "तो थोरल्या दादांचा होता."